मागची सीट कोणासाठी?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर, ह्यांपैकी कोणत्याही स्टेशनबाहेर सकाळच्या वेळी लावलेल्या मोटारसायकलींची रांग एकदा सावकाश पाहावी. नंबर बहुतेकांचे एमएच ०५, म्हणजे कल्याण आरटीओचेच. पण रूपे मात्र किती निरनिराळी! एखादी जुनी, गोल दिव्याची आणि लांब सपाट सीटची. तिच्या शेजारी फुगीर टाकीची. आणि तिच्यापलीकडे प्लॅस्टिकच्या कवचात गुरफटलेली, पुढे वाकलेली, शेपटी वर केलेली, झेप घेण्याच्या बेतात असलेल्या जनावरासारखी. ही शेवटची आमच्या वस्त्यांतील तरुणांची लाडकी. तिला ते 'स्पोर्ट बाईक' म्हणतात.

वाचकहो, गाडीच्या रूपाची चर्चा पोरासोरांनी करावी, घरातल्या मोठ्यांनी त्यात पडू नये, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कष्टकरी कुटुंबात खोलीच्या खालोखाल मोठी खरेदी कोणती असेल तर ती गाडीची. तिचे हप्ते सगळ्या घराच्या पोटातून जातात. आणि गाडीवर कोण बसू शकेल, कसे बसेल, हे तिच्या इंजिनापेक्षा तिचे रूपच अधिक ठरवते. म्हणून ह्या खेपेला आम्ही हाच विषय घेतला आहे.

फटफटीचा काळ

साठ-सत्तरच्या दशकांत मोटारसायकल म्हणजे बुलेट, राजदूत, नाहीतर म्हैसूरला तयार होणारी जावा. हीच जावा पुढे येझदी झाली. सगळे लोखंड. गोल दिवा, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, आडवा सायलेन्सर आणि दोन माणसे आरामात बसतील अशी सीट. चालवणारा खुर्चीत बसावा तसा ताठ बसे. १९७३ साली 'बॉबी' चित्रपट आला आणि त्यातली राजदूतची छोटी गाडी 'बॉबी' नावानेच ओळखली जाऊ लागली. पडद्यावरून रस्त्यावर फॅशन येण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी करार झाले आणि हलक्या गाड्या आल्या. १९८३ साली राजदूत ३५०, १९८५ साली हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, त्यानंतर आपल्या पुण्याच्या बजाजची कावासाकी. ह्यांपैकी आरएक्स १०० चे नाव आजही काढले की पन्नाशीतल्या माणसाचे डोळे चमकतात. ९८ सीसीचे इंजिन, सुमारे ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. पळायला वाऱ्यासारखी. पण तिचे रूप पाहा : गोल दिवा, चकचकीत मडगार्ड, लांब सपाट सीट. मन खेळाडूचे, पण अंगावर कपडे घरचेच. त्याच सीटवर बायको, मध्ये एक मूल आणि टाकीवर दुसरे, असा चौघांचा संसार जात असे. हे कायद्याला धरून नव्हते आणि सुरक्षित तर मुळीच नव्हते. त्याची भलामण आम्ही करत नाही. सांगायचे इतकेच, की त्या गाडीच्या आकारात कुटुंबाला जागा होती.

वाकलेली गाडी आली कोठून?

आजच्या स्पोर्ट बाईकचे रूप शर्यतीच्या मैदानावर जन्मले. गाडी जोरात पळू लागली की इंजिनाची खरी लढाई वाऱ्याशी असते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून शर्यतीतला चालक टाकीवर पोट टेकून वाकतो, हँडल खाली घेतो, पाय मागे घेतो. वळणावर गाडी आडवी झाली तरी पाय जमिनीला घासू नयेत म्हणून फूटरेस्ट उंच असतात. पुढच्या कवचाला 'फेअरिंग' म्हणतात. त्याचे काम वाऱ्याला वाट करून देण्याचे. १९५० च्या दशकात युरोपात पुढचे चाक पूर्ण झाकणारी मोठी कवचे निघाली होती. पण आडवा वारा लागला की गाडी भरकटे, म्हणून १९५७ नंतर शर्यतीत त्यांवर बंदी आली. त्याच काळात इंग्लंडमधले तरुण साध्या गाड्यांना खाली वाकलेले हँडल आणि एकट्याची कुबडवाली सीट बसवून चहा-कॉफीच्या टपरीवरून शर्यती लावत. त्या गाड्यांना 'कॅफे रेसर' म्हणत.

कारखान्यातून पूर्ण कवच लावून आलेली बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस १९७६ साली आली. १९८१ साली सुझुकीने 'कटाना' काढली, जपानी तलवारीच्या नावाची आणि तशाच धारदार कडांची. १९८५ साली त्याच कंपनीची जीएसएक्स-आर ७५० आली, ती थेट शर्यतीची गाडी रस्त्यावर आणल्यासारखी. १९९२ साली होंडाची फायरब्लेड आली. १९९४ साली इटलीच्या मासिमो तांबुरिनी ह्या रचनाकाराची डुकाटी ९१६ आली. तिचे दोन बारीक डोळ्यांसारखे दिवे आणि सीटखाली दडवलेला सायलेन्सर ह्यांची नक्कल जगभर झाली. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा आली. हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जाणाऱ्या ह्या गाडीचा गोलसर आकार वाऱ्यानेच घडवलेला होता. २००४ साली 'धूम' चित्रपटातून ती आपल्या गल्लीबोळात पोहोचली. गाडी नव्हे, तिचे पोस्टर. आता तर शर्यतीतल्या गाड्यांना विमानासारखे छोटे पंखही आले आहेत. पुढचे चाक उचलले जाऊ नये म्हणून ते वाऱ्याच्या जोराने गाडी खाली दाबतात. २०२४ साली आपल्या देशातल्या टीव्हीएस अपाची आरआर ३१० लाही असे पंख लागले.

म्हणजे ह्या रूपातली प्रत्येक गोष्ट मुळात कामाची होती. प्रश्न एवढाच, की ते काम कोणत्या रस्त्यावरचे?

आपल्या रस्त्यावर काय झाले

आपल्याकडे हा बदल १९९९ सालच्या हिरो होंडा सीबीझेडपासून धरावा. जाड टाकी, रुंद टायर आणि पुढे डिस्क ब्रेक. २००१ साली बजाजची पल्सर आली, आपल्या महाराष्ट्रात, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. पहिल्या पल्सरचा दिवा गोलच होता. २००३ साली दिव्याभोवती छोटे कवच आले आणि गाडीला चेहरा आला, रागीट. २००६ साली मागे लाल एलईडीच्या दोन उभ्या रेघा आल्या. रात्री अंधारात नुसत्या त्या रेघांवरून पोरे गाडी ओळखू लागली. २००३ साली हिरो होंडाची करिझ्मा, २००७ साली पल्सर २२० आणि २००८ साली यामाहाची आर १५ आली. आर १५ हे अवघ्या १५० सीसीच्या इंजिनावर पूर्ण शर्यतीचे कवच होते. २०१२ साली चाकणलाच तयार झालेली केटीएमची ड्यूक २०० आली आणि त्याच वर्षी पल्सर २०० एनएस. २०१४ साली केटीएमच्या आरसी गाड्या आणि २०१५ साली पल्सर आरएस २०० आल्या.

पल्सरची जाहिरात पुष्कळांना आठवत असेल : 'डेफिनेटली मेल'. म्हणजे नि:संशय पुरुषी! जाहिरातीतले दोन शब्द म्हणून आम्ही हे सोडून दिले असते. पण पुढच्या पंधरा वर्षांत गाडीची सीट ह्या दोन शब्दांप्रमाणेच बदलत गेली. लांब सीटचे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा खोलगट झाला, मागचा उंच, अरुंद आणि उतरता. मागची मूठभर जागा म्हणजे जणू माणसासाठी नव्हे, दप्तर बांधण्यासाठी. टाकी उंटाच्या कुबडासारखी झाली.

आज घराघरांत असा संवाद ऐकू येतो. आई विचारते, "अरे, मी बसू कुठं ह्याच्यावर?" आणि मुलगा म्हणतो, "तू रिक्षानं ये ना आई!" गाडी घरात आली, आई मात्र रिक्षातच राहिली.

ही तक्रार नुसती आयांची नव्हती, हे कंपन्यांनीही ओळखले. यामाहाने २०११ साली आर १५ ची सीट दुभंगली आणि २०१५ साली आर १५ एस ह्या नावाने तीच गाडी पुन्हा एकसंध लांब सीट लावून बाजारात आणली. आपल्या देशात मागच्या सीटवर कोणीतरी बसतेच, हे चार वर्षांत कारखान्याला मान्य करावे लागले. त्याच काळात ॲक्टिव्हासारख्या स्कूटरने घरातल्या बाईला स्वत:ची गाडी दिली. सपाट पायठाण, तिथे तांदळाची पिशवी राहते, आणि साडी नेसूनही चालवता येते. आमच्या वस्त्यांतल्या परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडीताई आज तिच्यावरूनच कामावर जातात.

रूप आणि जीव

आता जरा गंभीर बोलू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२३ वा नियम आहे. मागे माणूस बसवायची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला हाताने धरायला पक्की मूठ असली पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट असले पाहिजे आणि मागचे निम्मे तरी चाक झाकले जाईल असे संरक्षण असले पाहिजे, असे तो सांगतो. हे संरक्षण म्हणजे आपला साडीगार्ड. आपल्या देशातल्या बायका कसे कपडे घालतात हे डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा नियम आहे.

आणि आपली पोरे नवी गाडी आणल्यावर पहिले काय करतात? साडीगार्ड काढून टाकतात. मागचे मडगार्ड कापतात, नंबरप्लेट सीटखाली सरकवतात. कारण काय, तर गाडी 'क्लीन' दिसते! बंधूंनो, त्या उघड्या चाकात ओढणीचे टोक किंवा साडीचा पदर गेला, तर चाक त्याला क्षणात आत ओढून घेते आणि गाडीवरची बाई रस्त्यावर येते. कारखान्याने दिलेली गाडी अशी बदलणे कायद्यानेही मना आहे. पण दंडाची भीती घालावी असे आम्हांस वाटत नाही. मागे आपली आई, बहीण, बायको बसणार आहे, एवढे कारण पुरे.

उंच आणि उतरत्या सीटची दुसरी गंमत अशी, की ब्रेक दाबला की मागचा माणूस पुढच्यावर घसरतो. एका बाजूला पाय सोडून बसणे तर जवळजवळ अशक्य. त्यात पुढच्याने वाकून मनगटांवर भार दिलेला. शर्यतीच्या वेगात समोरचा वारा छातीला टेकू देतो, म्हणून मनगटे वाचतात. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या गर्दीत ताशी वीस-तीसच्या चालीत टेकू द्यायला वारा कोठून येणार? तिथे मनगट दुखते, कंबर दुखते आणि कवचातून इंजिनाची गरम हवा मांड्यांवर येते. रात्रपाळी करून एमआयडीसीतून परतणाऱ्या कामगाराने ही शिक्षा का भोगावी?

नवे ते सगळे वाईट, असेही नव्हे. इंजिनाच्या पोटाखाली दडवलेल्या सायलेन्सरने गाडीचा तोल सुधारला आणि मागच्या माणसाची पोटरी भाजायची थांबली. एलईडी दिव्यामुळे पावसाळी रात्री गाडी लांबून दिसते. रुंद टायरने पकड दिली. २०१९ सालापासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले; ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. पावसाळ्यात बारवी धरणाकडे किंवा माळशेज घाटाकडे निघणाऱ्या तरुणाने गाडीवरच्या पट्ट्यांपेक्षा ही तीन अक्षरे आधी पाहावीत.

आणि हेल्मेट. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली; त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घातलेली ५०,०२९, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेली. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते. १४ एप्रिलच्या रॅलीत निळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग निघते, ती पाहून ऊर भरून येतो. पण डोक्याला निळा फेटा बांधला म्हणजे हेल्मेटची गरज संपली, असे होत नाही. फेटा सभेत शोभतो, गाडीवर हेल्मेटच हवे.

हिशेबाची वही

कवचाचा खर्च शोरूममध्ये कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे मांडतो. जुन्या गाडीचा गोल दिवा फुटला तर काच बदलून भागत असे. आता दिवा, इंडिकेटर, कवच सगळे एकात एक गुंतलेले. गाडी उभ्या-उभ्या पडली तरी अख्खा भाग बदलावा लागतो. विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. पण साध्या विम्यात प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात. चार हजारांचे कवच फुटले तर दोन हजार आपल्या खिशातून. घसारा न कापणारा विमा वेगळा मिळतो, त्याचा हप्ता जास्त असतो. घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

कर्जाचेही तसेच. समजा, एक लाख रुपये तीन वर्षांसाठी 'फ्लॅट' १० टक्क्यांनी घेतले. व्याज झाले ३०,००० आणि महिन्याचा हप्ता ३,६११. ऐकायला १० टक्के बरे वाटते. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर वर्षाला जवळजवळ १८ टक्के पडतो. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी "हा दर फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" हा एकच प्रश्न विचारावा. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात रोजावर शिवणाऱ्या मुलाला महिन्याला साडेतीन हजार म्हणजे किती दिवसांचे काम, हे त्याने स्वत:च मोजावे.

तरुण मित्रांनो, तुमच्या हौसेला आम्ही नावे ठेवत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी अनवाणी पायपीट केली, आणि ज्यांच्या नवरदेवाने घोड्यावर बसू नये म्हणून आजही देशात कोठे ना कोठे दगड उचलले जातात, त्यांच्या मुलाने स्वत:च्या कमाईच्या चांगल्या गाडीवरून गावात जावे, ह्यात आनंदच आहे. पण त्यासाठी वाकलेलीच गाडी हवी असे थोडेच आहे? जगाची आवडही पुन्हा ताठ बसण्याकडे वळते आहे. २०१८ साली जावा परत आली, २०२२ साली येझदी आली आणि २०२३ साली ट्रायम्फची गोल दिव्याची स्पीड ४०० चाकणलाच तयार होऊ लागली. फॅशन फिरून मूळ जागी येते. आपले हप्ते मात्र आपल्यालाच फेडावे लागतात. तेव्हा शोरूममध्ये जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या. आधी तिला मागच्या सीटवर बसवा. हात कोठे धरायचा, पाय कोठे ठेवायचा, साडीगार्ड आहे का, हे तिने पाहावे. मग तुम्ही पुढे बसा. रंग त्यानंतर निवडा.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. गाडीचे रूप आभाळातून पडत नाही. कोणीतरी कागदावर चित्र काढतो, मग पूर्ण आकाराचा मातीचा नमुना घडवतो, त्यावरून संगणकावर मापे घेतात आणि साचे तयार होतात. हे शिकवणाऱ्या संस्था आहेत. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेले आयडीसी आहे. त्याआधी १९६१ साली अहमदाबादला सुरू झालेली राष्ट्रीय डिझाईन संस्था आहे, तिच्या गांधीनगरच्या केंद्रात वाहनांच्याच रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पवईला बारावीनंतर जाण्यासाठी 'यूसीड' नावाची परीक्षा असते. ती कला आणि वाणिज्य शाखेची मुलेही देऊ शकतात. दोन्हीकडे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. आमच्या वस्तीतल्या वह्यांच्या मागच्या पानांवर आम्ही गाड्यांची अशी चित्रे पाहिली आहेत, की पाहतच राहावे. शिक्षक आणि पालक ती पाहून ओरडतात. ओरडण्याऐवजी ह्या परीक्षेची माहिती द्यावी.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आणि मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरीत आपल्या कित्येक बापांनी दुसऱ्याने काढलेल्या नकाशाबरहुकूम लोखंडाला आकार दिला. आता नकाशा काढण्याची पाळी त्यांच्या नातवंडांची आहे. त्यात मुलीही असाव्यात. बापाच्या मागे अवघडून बसून जी शाळेत गेली, तिने गाडी काढली, तर मागच्या सीटवर कोण बसते हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.